हळदीच्या काड्या

आमच्या सुनेने 'ब्रंच' हा शब्द पहिल्यांदा घरात आणला तेव्हा मला वाटलं, हे एखादं नवीन फळ असणार. आजकाल बाजारात काय काय येतं. तिने समजावलं, "बाबा, मुंबईची मानसं सुट्टीला उशिरा उठतात. मग न्याहारी आनि जेवन एकातच उरकतात, अकरा वाजता. त्याला म्हनतात ब्रंच."

मी म्हटलं, "मग तुझी सासू शेतावर अकराला भाकरी घेऊन यायची ते काय होतं? आमी जन्मभर ब्रंचच खाल्लं."

म्हातारी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "खाल्लं ना. आनि भाकरीला उशीर झाला की बांधावरून जे ओरडायचात, त्याला काय म्हनतात तेपन इचारा तिला."

आमचं घर शहापूरच्या बाजूला. मुलगा आसनगावहून गाडी धरून कल्याणला कामाला जातो. सून हायवेवरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. आठ तास उभं राहायचं. संध्याकाळी घरी आली की पाय एवढे सुजलेले असायचे की चपलेचा वळ दिसायचा. शिमग्याला तिने ते काम सोडलं आणि मोबाइलवर बघून फळांच्या काड्या करायला शिकली. म्हणजे फळाचे चौकोनी तुकडे करायचे, बांबूच्या बारीक काडीला एकापुढे एक टोचायचे, आणि थंड करून वाढायचे. कलिंगड, अननस, पपई, सफरचंद, द्राक्ष. दिसायला झक्क दिसतं, हे मी कबूल करतो. पण नवीन काय त्यात? लहानपणी आम्ही करवंदं गवताच्या काडीत ओवून शाळेत न्यायचो. शाळा दुसरीत सुटली, करवंदं सुटली नाहीत.

शेजाऱ्यांकडच्या वाढदिवसाला तिने पहिल्यांदा काड्या केल्या. तिथून तिचं नाव मुरबाडच्या बाजूला एका फार्महाऊसवाल्या बाईंपर्यंत पोचलं. बाई आपली जागा समारंभांना देतात. त्यांनी फोन केला. रविवारी साखरपुडा आहे, वर ब्रंच, माणसं पंचाहत्तर, काड्या दीडशे. काम आवडलं तर दर रविवारी तूच.

इकडे कंपनीच्या सुपरवायझरचा निरोप आला होता. जागा सोमवारपर्यंत ठेवतो, यायचं तर ये, नाहीतर दुसरी बघतो. म्हणजे रविवार नीट झाला तर फळं, नाहीतर सोमवारी पुन्हा आठ तास उभं राहणं. सुनेने कंपनीचा निळा कोट धुऊन दांडीवर वाळत टाकला होता. ते बघून मला बरं वाटलं नाही.

तिने शहापूरहून काड्यांची दोन पाकिटं आणली. मी एक काडी काढली, दोन बोटांत धरली, जरा वाकवली. टक्. मोडली.

"ही काडी? साखरपुड्याला?" मी म्हटलं.

"बाबा, फळ टोचायला पुरते ती."

"अगो, पुरायची गोष्ट नाय. साखरपुड्यात मानसाच्या हातात काडी मोडली तर काय म्हनतील?"

आमच्याकडे नवराबायको वेगळे व्हायचे असले की पंचांसमोर काडी मोडतात. म्हणून तर त्याला काडीमोड म्हणतात. दोन घरं जुळत आहेत आणि तिथे दीडशे माणसांच्या हातात टकाटक काड्या मोडतायत, हे मला पटेना.

"पंचाहत्तर मानसं," सून म्हणाली.

"काड्या दीडशे ना?"

मग मी तिला पटावं म्हणून दुसरी मोडली. तिसरी मोडली. मला वाटतं मी जरा रंगात आलो. पाकिटातली एकही काडी टिकत नाही हे दाखवायचं म्हणजे पाकीट संपवावंच लागतं. दोन्ही पाकिटं संपली तेव्हा माझ्या पुढ्यात चूल पेटवायला पुरेल एवढा ढीग झाला होता, आणि सून हाताची घडी घालून उभी होती.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं. आता मी करतो काड्या."

बांबूत मला कोणी शिकवायचं नाही. टोपल्या, सुपं, कणग्या, सगळं मी हाताने केलंय. माझा बांबू माघातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला असतो, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही. दोन महिने तो आढ्याला धुरात सुकत होता. मी तो उतरवला, कोयत्याने उभा चिरला, विळ्याने एकेक काडी तासली, आणि गोणपाटात घेऊन अशी घासली की बाळाच्या गालावर फिरवावी. दोन दिवस बसलो. एकशे साठ केल्या, दहा जास्त, हिशोबात चूक नको. एकेक वाकवून बघितली. वाकते, पण मोडत नाही. म्हातारी म्हणाली, "आता आराम करा." तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

पण माझ्या मनात आलं, लग्नकार्यातलं सूप असो की टोपली, हळद लावल्याशिवाय आम्ही ते वापरत नाही. मग या काड्या कोऱ्या कशा पाठवायच्या? शनिवारी सून फळं आणायला गेली होती. मी पातेल्यात पाणी ठेवलं, घरची हळद मूठभर टाकली, आणि सगळ्या काड्या त्यात उकळून घेतल्या. चटईवर वाळवल्या. सोन्यासारख्या दिसत होत्या. विचारायचं कोणाला? शुभ कामाला विचारायचं नसतं.

रविवारी पहाटेच सून फळं कापायला बसली. मी काड्यांची जुडी तिच्यासमोर ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

तिने जुडी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग एक काडी घेऊन सफरचंदाच्या फोडीत घातली आणि बाहेर काढली. पांढऱ्या फोडीला भोकाभोवती पिवळं कडं.

"बाबा, हे काय?"

"हळद हाय. घरची."

"मला दिसतंय हळद हाय!" तिचा आवाज चढला. आजवर माझ्यापुढे कधी चढला नव्हता. "लोकं पांढरे कपडे घालून येनार. फळाला हळद, हाताला हळद!"

"धुऊन टाक. निघंल."

हे मीच बोललो, हे सांगून ठेवतो. तिने फळं धुवायला खायचा सोडा आणलेला होता. गरम पाण्यात सोडा घातला आणि काड्या त्यात टाकल्या. बघता बघता पाणी लाल झालं. काड्या बाहेर काढल्या तर पिवळ्याच्या तांबड्या झालेल्या.

म्हातारी मागून डोकावली. "हळदीचं कुंकू केलंत! आता बांगड्या तेवढ्या ऱ्हायल्या!" आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

सुनेला हसू आलं नाही. ती खाली बसली. एवढ्या सकाळी दुकान कुठलं उघडं? आणि विकतच्या काड्या तर मी एकेक करून मोडलेल्या. ती दांडीवरच्या निळ्या कोटाकडे बघत होती. मी पण बघितलं. काही बोलायला हवं होतं, पण माझ्या तोंडातून ते शब्द निघत नाहीत. म्हातारी म्हणते, माझ्या गळ्यात हाड आहे, 'चुकलो' आलं की अडकतं.

पण माझ्या सुनेचं डोकं माझ्यासारखं नाही, बरं का. पाच मिनिटांत ती उठली. काड्या पुन्हा दोनदा उकळल्या, पाणी ओतून दिलं. रंग गेला नाही, पण बराच उतरला. मग तिने पांढरी फळं बाजूला काढली. सफरचंद नाही, हिरवी द्राक्षं नाहीत. काडीवर कलिंगड, पपई, अननस, आणि पुन्हा कलिंगड. लालात लाल लपलं, पिवळ्यात पिवळं. सफरचंद आणि द्राक्षं वेगळ्या वाडग्यात, वर लिंबू पिळून. दिसायला आधीपेक्षा झक्क. फक्त हातात धरायचं टोक तेवढं तांबूस राहिलं.

"मी येतो बरोबर," मी म्हटलं.

"तुमी कशाला, बाबा?"

"डबा धरायला."

तिने नको म्हटलं नाही. मुलाची रविवारी ड्यूटी होती, म्हणून रिक्षा सांगितली होती. मांडीवर बर्फाचा थर्माकोलचा डबा घेऊन मी बसलो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मी आधी माझ्या पाठीला दिला, मग डब्याला. सून पूर्ण वाटेत एकच वाक्य बोलली, "कोनी इचारलं तर तुमी बोलू नका."

फार्महाऊसवर हिरवळ, पांढऱ्या खुर्च्या, पांढरे पडदे. जो तो पांढरा नाहीतर बदामी रंगात. इतकं पांढरं मी भाताच्या गिरणीतसुद्धा बघितलं नाही. सुनेने केळीच्या पानावर काड्या मांडल्या, आणि माणसं तुटून पडली. अर्ध्या तासात शंभर काड्या गेल्या. मी झाडाखाली उभा राहून मोजत होतो. एकही मोडली नाही. मला वाटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात बाई ताडताड आल्या. पुढे केलेला हात, बोटांची टोकं पिवळी. फळांच्या आंबट रसाने काडीचं तांबडं पुन्हा पिवळं झालं होतं.

"हे काय आहे? रंग वापरलाय तू? सगळ्यांच्या बोटांना लागलाय. नवऱ्या मुलीच्या बोटांना लागलाय! केमिकल आहे का हे?"

सुनेचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "नाय मॅडम, ते..." आणि पुढे काही बोलेना. मला कळलं ती का बोलत नाही. बोलली असती तर माझं नाव आलं असतं. ती सासऱ्याचं नाव घेणार नव्हती. सोमवारी कोट घालून कंपनीत गेली असती, पण घेणार नव्हती.

मी पुढे झालो.

"बाई, केमिकल नाय. हळद हाय, आमच्या परसातली. काड्या मी केल्या, हळद मी लावली. सुनेला ठाऊकच नव्हतं. तिनं सकाळपास्नं धुऊन धुऊन हात सोलून घेतले." आणि मग गळ्यातलं ते हाड कसं कोण जाणे, बाजूला झालं. "चूक माझी हाय. मी चुकलो."

सून माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही बैल बोलला.

बाई म्हणाल्या, "पण हळद कशाला लावायची काडीला?"

"शुभ काम ना. कोरी कशी द्यायची?"

खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, नवऱ्या मुलीची आजी. नऊवारी नेसलेल्या. त्या इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरली आणि हसायला लागल्या. "अगं, म्हणजे साखरपुड्यातच हळद लागली की सगळ्यांना! एक दिवस वाचला!"

मग जो तो आपली बोटं बघायला लागला. नवऱ्या मुलाने आपलं पिवळं बोट मुलीच्या गालाला लावलं, तिने त्याच्या नाकाला. फोटोवाला धावला. बाईंचा राग कुठे जावा हे त्यांनाच कळेना.

आजीने मला जवळ बोलावलं. "आणि हो, विकतची काडी काय वाईट होती हो?"

"मोडते," मी म्हटलं. "साखरपुड्यात काडी मोडलेली चालंल तुमाला?"

त्यांनी रिकामी काडी दोन्ही हातांत धरून वाकवली. ती धनुष्यासारखी वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. "नाही हो," त्या म्हणाल्या, "मुळीच चालणार नाही." आणि ती काडी त्यांनी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

निघताना बाई सुनेला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी साठ माणसं आहेत. काड्या यांच्याच आण. पण साध्या."

"साध्याच आनीन, मॅडम," सून म्हणाली, आणि माझ्याकडे डोळे मोठे केले.

परतीच्या रिक्षात डबा रिकामा होता, पण मी तो मांडीवरच धरून बसलो. सून बाहेर रस्त्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, ते मघाशी काय बोललात, परत बोला ना. आईंना सांगायला नीट आठवत नाय."

"काय बोललो?"

"तेच. मॅडमला."

"हळद परसातली हाय म्हटलं."

"त्याच्यानंतर."

"मला काय आठवत नाय," मी म्हटलं. ती एवढी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

सोमवारी निळा कोट दांडीवरून उतरला. म्हातारीने त्याची बाही फाडून बांबू पुसायला मला फडकं करून दिलं. आता दर शुक्रवारी मी अंगणात बसतो आणि काड्या तासतो. सून येता-जाता बघून जाते. काड्या नाही बघत ती. हळदीचा डबा जागेवर आहे का, ते बघते.