नजीरने परत पाठवलेला बर्फ

आमच्या नंदुरबारच्या बर्फ कारखान्यात नजीर लाद्या काढतो आणि मी, धर्मेंद्र, कॉम्प्रेसर सांभाळतो. बर्फात काम म्हटलं की लोक म्हणतात, मजा आहे बुवा तुमची. असं म्हणणाऱ्याला मे महिन्यात कारखान्याच्या मागे नेऊन उभं करावं. लाद्यांच्या डब्यांतल्या पाण्यातून जेवढी उष्णता काढतो तेवढी, आणि वर मोटारीने ओढलेल्या विजेचीही, मागच्या नळ्यांतून बाहेर पडते. थंडी कोणी तयार करत नाही. उष्णता इथली तिथे जाते, नाहीशी मात्र होत नाही.

नजीर कमी बोलतो. डबे बुडवतात त्या मिठाच्या पाण्यात हात घालून घालून त्याची बोटं पांढरट पडली आहेत, आणि चेहराही तसाच, काही लागू न देणारा. गावात कोणी गेलं आणि मुलं लांब असली की लोक त्याच्याकडे येतात. तो स्वतः लाद्या घेऊन जातो, गोणपाट घालून मयताच्या दोन्ही बाजूंना लावतो. लादी अर्धी वितळली तरी उरलेली तेवढीच गार असते. आत शिरलेली उष्णता सगळी वितळण्यातच खर्ची पडते, म्हणून ती रात्र काढते. प्रकाशा गावच्या एका पाटलांची मुलगी परदेशातून आली तेव्हा बापाचं तोंड पाहू शकली, ते नजीरमुळे.

मागच्या उन्हाळ्यात नजीरची बायको शहाबानो गेली. सकाळी चहा केला, छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मुलगी अलिशा घरीच होती. मुलगा आफताब हैदराबादला. कितीही घाई केली तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचणार होता. त्यांच्यात मातीला उशीर करत नाहीत. तरी आफताब फोनवर रडून एकच सांगत होता, मला अम्मीचं तोंड पाहू द्या. शेवटी वडीलधाऱ्यांनी ते नजीरवर सोडलं.

मी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? चांगल्या काचेसारख्या लाद्या निवडल्या, भुसा टाकून हातगाडीवर रचल्या आणि भर उन्हात ढकलत त्याच्या दारात नेल्या. नजीर उंबऱ्यात बसला होता. त्याने गाडीकडे पाहिलं. खाली पाणी ठिबकत होतं.

"गाडी फिराई ले, धर्मा," तो आमच्या अहिराणीत म्हणाला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अरे, आफताब येई ऱ्हायना ना?"

"बरफ थंडी देस नही. तो ऊब काढी लेस. आयुष्यभर मी हाईच करं. तिना आंगमा थोडीशी व्हई, ती तिनीच शे. ऱ्हाऊ दे तिले."

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. तिच्या अंगात उरलेली ऊब तिचीच, ती बर्फाला काढू द्यायची नाही, म्हणे! मला त्याचा संताप आला. पोराचा जीव तिकडे बसमध्ये टांगलेला आणि हा ऊब मोजत बसलाय. मी गाडी वळवली. दुपारच्या नमाजानंतर माती झाली.

सकाळी आफताब आला तेव्हा मी तिथेच होतो. घरात ते त्यांच्या हिंदीत बोलतात, मी आपलं माझ्या भाषेत सांगतो. तो बापासमोर उभा राहून म्हणाला, "सगळ्यांच्या आया त्यांच्या पोरांसाठी ठेवल्यात तुम्ही. माझी नाही ठेवलीत."  मला जे सांगितलं ते नजीरला पोराला सांगता येईना.

मग अलिशा बोलली. बायकांबरोबर तिनेच आईला शेवटची आंघोळ घातली होती. ती म्हणाली, "आपल्या रिवाजात, ती गेल्यावर, अब्बांना अम्मीला हात लावता येत नव्हता. मी आंघोळ आवरून बाहेर आले, तर त्यांनी मला एवढंच विचारलं, अंग गार झालं होतं का?"

"मग?" आफताबने विचारलं.

"नव्हतं. पाठीखाली हात घातला, तर ऊब होती. रोज झोपेतून उठवताना लागायची तशी."

 आफताबने बहिणीचे दोन्ही हात ओढून घेतले, आपल्या गालांवर दाबून धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.