पेटीवरच्या टिकल्या

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पेटीवर टिकल्या चिकटवल्या. दुपारचे दोन वाजले असतील. जेवणं झालेली. ती पायपेटीपुढं बसलेली, मी तिला चिकटून स्टुलावर, आणि माझे पाय पायडलवर.

पायपेटी म्हणजे नाटकातला ऑर्गन. टेबलाएवढा असतो. पायानं भाता हलवायचा आणि बोटांनी वाजवायचं. तिचे वडील सांगलीत एका नाटक मंडळीत वाजवायचे, त्यांची ही पेटी. ते गेल्यावर टेम्पोत घालून साताऱ्याला आमच्या घरी आली. पुढं तिचे गुडघे गेले. तेव्हापासून पाय माझे आणि बोटं तिची. वारा मी घालायचा, सूर तिनं काढायचा. मला सुरातलं काही कळत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर बसगाड्यांच्या बॉडीचा पत्रा ठोकला. त्या ठोकण्यानं कान गेले. सगळे नाही गेले, वरचे गेले. चिमणीचं, फोनचं, बारक्या पोरांचं मला ऐकू येत नाही. जाड आवाज तेवढा येतो, बाकीचं बोलणं मी ओठांवरनं ओळखतो.

शाळा सुटली की पाच वाजता पोरं आमच्या घरी यायची, संगीत नाटक शिकायला. सात जण. प्रत्येकाचं गाणं पेटीच्या वेगळ्या पट्टीवरनं सुरू व्हायचं. पोरांना ती ध्यानात राहीना, म्हणून हिनं एकेकाच्या पट्टीवर एकेका रंगाची टिकली लावली. आपल्या रंगावर बोट ठेवायचं, सूर धरायचा आणि तोंड उघडायचं. पोरांच्या घामानं टिकल्या निघायच्या, मग दर दोन-तीन महिन्यांनी नव्या लावायच्या. मी पाकिटातनं सोडवून द्यायचो, ती लावायची.

"हळू मारा हो. बैलगाडी हाकताय का?"

"बैलाला निदान पेंड तरी मिळती."

"चहा मिळेल. आधी ती मरून रंगाची द्या. मोठी."

मी मरून टिकली दिली. तिनं ती डावीकडच्या एका पट्टीवर दाबली आणि पट्टी वाजवून बघितली. मग कपाळाला आठी.

"बघा, परत झरझरला. तुमचा पत्रा त्या पोरीच्या सुरावर तेवढा वाजतो. बाकी कुठं नाही. कधी बसवणार?"

उंदरांनी पेटीची डावी फळी कुरतडली होती, तिथं मी पत्रा मारला होता. त्याचा एक स्क्रू ढिला होता. मला ती झरझर ऐकू येत नव्हती, म्हणून घाईही नव्हती.

"उद्या बघतो," म्हणलं.

"तुमचा उद्या!" ती म्हणाली आणि उठली. "जरा पडते. चारला उठवा."

मी चारला उठवलं नाही. चारला डोकावलो तर भिंतीकडं तोंड करून गाढ पडलेली. वाटलं, झोपू दे. रात्री गुडघ्यांनी डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. पाच वाजता पोरं आली, तर मी दारातच तोंडावर बोट ठेवून त्यांना ओसरीवर बसवलं.

"बाई झोपल्यात. कोण आवाज करंल तर बघा, एकेकाला हाकलून दीन."

पोरं गुणाची. आवाज न करता नाटक करत बसली. नुसते हात हलवायची, तोंडं उघडायची. एवीतेवी मला ती तशीच दिसायची. साडेपाचला मी उठवायला गेलो.

डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमाराला गेल्या असतील. म्हणजे अडीच तास मी मेलेल्या बाईची झोप राखत बसलो होतो, आणि वर पोरांना दम देत होतो. चारला हाक मारली असती तर काय वाचली नसती, हे मला कळतं. पण हाक तरी मारली असती. तिनं तेवढंच सांगितलं होतं.

माझी बहीण शिराळ्याकडनं आली. बाया जमल्या. हळदीकुंकू, हिरवं पातळ, मळवट. जो तो म्हणायचा, भरल्या कपाळानं गेली, नशीब काढलं बाईनं. मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. बहीण म्हणाली, "आबा, वहिनीच्या टिकल्या, बांगड्या, कुकवाची डबी, समदं गोळा कर. तिच्यासंगं जाऊ दे. आरशावर एक टिकली ठिवू नगंस, सांगून ठिवते."

काम सांगितलं की मी करतो. ते एकच मला येतं. पुट्टी लावायचं पातं घेतलं आणि आरसा खरवडला. मग न्हाणीचं दार. फ्रीज. कपाटाची कड. कुठं कुठं टिकल्या लावायची बाई! रात्री काढायची आणि जिथं हात पोचेल तिथं चिकटवायची. पेटीचं झाकण उघडंच होतं. हात थांबला नाही. सात होत्या, साती काढल्या. आणि आमच्या धंद्यातली सवय, खरवडलं की पुसायचं. डबड्यात तळाला रॉकेल होतं, त्याचा बोळा फिरवला. गोंदाचा डाग म्हणून शिल्लक ठेवला नाही. साऱ्या नोकरीत एवढं स्वच्छ काम माझ्या हातनं झालं नसेल. झाकण लावलं. सगळं एका फडक्यात बांधलं, नवी पाकिटंसुद्धा, आणि तिसऱ्या दिवशी माहुलीला संगमावर राखेसंगं सोडून दिलं.

काय केलं ते मला कळलंच नाही. तेरा दिवस सुतक, घरात वाजवायचं नाही, झाकणाला कोण हात लावतो?

चौदाव्या दिवशी पोरं आली. सांगलीचा प्रयोग आठ दिवसांवर होता. सांगली तिचं माहेर. तिथल्या रंगमंचावर आपली पोरं गावीत म्हणून ती चार वर्षं पत्रं पाठवत होती, आणि आत्ता कुठं बोलावणं आलं होतं. पोरांच्या आईबापांनी ठरवलं, प्रयोग करायचाच. बाईंसाठी करायचा. कुठनं तरी एक तरुण मास्तर आणला, पेटी वाजवायला.

मी झाकण उघडलं.

सगळ्यात बारकं पोर पुढं आलं. बोट वर धरलेलं, आणि ते तसंच राहिलं.

"आबा, माझी निळी कुठंय?"

"माझी पोपटी पण नाही."

"चंदेरी? आबा, माझी चंदेरी?"

तेव्हा मला कळलं. पेटीची कड धरून उभा राहिलो. सात तोंडं माझ्याकडं बघत होती. मरून टिकलीवाली पोरगी सगळ्यांच्या मागं होती. तिनं वाकून पट्ट्या बघितल्या, मग माझ्याकडं बघितलं.

"आबा, तुमी काढल्या?"

"न्हाई. पडल्या असतील. गोंद वाळतो."

सत्तरी उलटलेला माणूस मी. अकरा वर्षांच्या पोरीशी खोटं बोललो.

मला वाटलं होतं, संपलं सगळं. बाई गेली आणि तिनं शोधलेले सूरही मी नदीत सोडले. पण मास्तर म्हणाला, "काळजी करू नका काका, लगेच काढू." भाता मीच मारत होतो. त्यानं एकेकाला पुढं घेतलं, दोन ओळी म्हणायला लावल्या, बोटं फिरवली आणि वहीत लिहिलं. पंधरा मिनिटांत सहा पोरांच्या पट्ट्या परत मिळाल्या. पोरं खूश. मी खूश व्हायला पाहिजे होतं. मला त्या मास्तराचा राग आला. माझ्या बायकोचं काम पंधरा मिनिटांत होतं? मग ती दोन-दोन महिने एकेका पोरामागं काय करत होती?

सातवी ही मरून टिकलीवाली पोरगी. तिच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

हिची आई खानावळीत चपात्या लाटते. पोरीचा आवाज बाप्यासारखा जाड. वर्गात पोरं तिला म्हैस म्हणायची. आमच्याकडं आली तेव्हा महिनाभर तोंडच उघडलं नाही. मग एक दिवस बायकोनं पेटीवर डावीकडं एकेक पट्टी खाली उतरत जायला सुरुवात केली. म्हणाली, "तू नुसतं हं म्हण. पटत नसेल तर मान हलव." मी भाता मारत होतो. उतरत उतरत एका पट्टीवर पोरीचं हं निघालं आणि मी दचकलो, कारण मला ते ऐकू आलं. इतकी वर्षं पोरं घरात गात होती आणि मला नुसती तोंडं दिसत होती. हिचं गाणं पहिल्यांदा कानात पडलं. बायको बाकीच्यांना म्हणाली, "बेसूर नाही ही. तुम्ही हिला माडीवर चढवताय, ही तळमजल्याची आहे."

नाटकही तिच्यावरच बेतलं. रस्ता रुंद करायला वड तोडायला माणसं येतात, पाखरं आणि खारी भांडतात. पोरगी वड. सगळं नाटकभर गप्प उभी राहते. शेवटी कुऱ्हाड उगारली की एकदाच गाते, "पाय रोवुनी उभा इथे मी, कितिक जणांचे घर." तेवढ्या गाण्यासाठी ते नाटक होतं.

मास्तरानं तिला पुढं बोलावलं. त्यानं धरलेला सूर पोरांना बसतो तो, वरचा. पोरगी तिथनं सुरू झाली आणि दुसऱ्याच शब्दाला आवाज फाटला. त्यानं थोडं खाली घेतलं. परत फाटला. मागं एक पोर तोंडावर हात धरून हसलं. मग तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. मास्तर काही वाईट माणूस नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "आठच दिवस आहेत बाळ. असं करू, तू वड म्हणून छान उभी राहा, गाणं बाकीचे मागनं म्हणतील. झाडाला कुठं आवाज असतो?"

मी म्हणलं, "मास्तर, तिला खालचा सूर हाय. डावीकडं."

"कुठला, काका?"

कुठला! मी डावीकडं बघितलं. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, सगळ्या सारख्या, रॉकेलनं पुसून लख्ख. त्यानं दोन-तीन वाजवून दाखवल्या, "ही? का ही?" मला सगळ्या एकसारख्या, लांबनं आगगाडी यावी तशा. पोरीला विचारलं तर ती खाली बघत राहिली. आता ती हं सुद्धा म्हणेना. मग तिनं पाण्याची बाटली उचलली आणि गेली. मी फाटकापर्यंत मागं गेलो. बाई असती तर... पण बाई असती तर टिकली असती.

रात्रीचं काही सांगत नाही.

सकाळी उजाडल्या उजाडल्या पेटीपाशी गेलो. तिच्या जागेवर बसलो, पहिल्यांदाच. पायाखाली पायडल होते ते कळले, पण समोर हात कुठं ठेवायचे ते कळेना. डावा हात आपोआप बाजूला फळीवर टेकला, माझ्या पत्र्यावर. बोटाखाली ढिला स्क्रू लागला.

त्या पोरीच्या सुरावर तेवढा वाजतो. बाकी कुठं नाही.

वर्कशॉपात माझं नाव होतं ते एवढ्यासाठीच. गाडी खडखडते म्हणून ड्रायव्हर कुरकुर करायचे, आणि मी नुसता हात लावून सांगायचो, हा पत्रा, एवढ्या वेगाला. कान नव्हते म्हणून हात शिकले होते. मी पाय मारायला लागलो. डावा तळवा पत्र्यावर घट्ट, उजवा हात आडवा घालून अगदी खालच्या पट्टीपासून एकेक. काही नाही. काही नाही. पाय भरून आले, कपाळावरचा घाम पट्ट्यांवर पडायला लागला. एका ठिकाणी थोडी मुंगी आली, थांबलो, पुढं गेलो. आणि पुढच्या पट्टीला पत्रा हातात उडाला, मासा उडावा तसा. मी पट्टी सोडून परत दाबली. परत उडाला. दहा वेळा दाबली. शेवटी दिसेना झालं तेव्हा डोळे पुसले आणि चंचीतला चुना बोटानं त्या पट्टीवर लावून ठेवला. हलू नये म्हणून नव्हे, पट्टी कुठं जाणार? माझाच भरवसा नव्हता.

दहाला बांगड्यांचं दुकान उघडलं. म्हणलं, मरून टिकल्या द्या, मोठ्या. दुकानातल्या बाईला आमच्या घरचं ठाऊक होतं.

"आवं आबा, कुणासाठी?"

"पेटीला," म्हणलं. बाईनं पाकीट पुढं सरकवलं. पैसे घेईना, ते मी गल्ल्यावर ठेवून आलो. घरी येऊन चुना पुसला, टिकली लावली. वाकडी बसली. तशीच ठेवली. स्क्रूला हात लावला नाही.

मग शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. अकराची शाळा. पोरगी आईचा हात न धरता एकटीच आली. मला बघून थांबली.

"टिकल्या मी काढल्या हुत्या," म्हणलं. "पात्यानं. काल खोटं बोललो."

"ठाऊक हाय."

"कसं?"

"पेटीला रॉकेलचा वास येत हुता." तिनं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बाईंनी रॉकेल लावलं नसतं."

"तुझी पट्टी घावली. टिकली लावलीय. सांच्याला ये."

तिनं चपलेनं जरा माती उकरली.

"पायडल कोण मारणार?"

"मी हाय की."

"आन बोटं?"

मास्तर आहे, असं मला म्हणायचं होतं. पण ती विचारत होती ती बाईंची बोटं. मग फाटकातली सगळी पोरं एकदम आत पळायला लागली. घंटा झाली असावी. मला ऐकू आली नाही. ती पण पळाली.