स्टीलवरचा कॅपिटल एस

लातूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नात, वास्तुशांतीला भांडं द्यायचं तर त्यावर देणाऱ्याचं नाव हवंच, नाहीतर दिलं काय नि न दिलं काय. नाव टाकायची मशीन पेनासारखी हातात धरतात. कारागीर आला नाही की ती मी धरायचे, पण मराठी नावांपुरतीच.

एकदा एका डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत, कर्सिव्हमध्ये नाव मागितलं. मी मशीन उचलली, तशी गल्ल्यावरून मोठी जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "तिला नका देऊ हो. मुखेडकडच्या खेड्यातली हाय ती. तिचे कॅपिटल म्हंजे गोवऱ्या थापल्यावानी."

जाऊ नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. गिऱ्हाइकं हसली. मी मशीन खाली ठेवली आणि तिथल्या तिथं ठरवलं, ही बाई एक दिवस याच दुकानात, अशाच गर्दीत मला विनवेल.

मुलगी तेव्हा पहिलीत होती. दुपारी तिची कर्सिव्हची चाररेघी वही घेऊन बसायचे. छोटी अक्षरं पटकन वळली, पण कॅपिटल फार माजोरडी. एफ आणि टी सख्ख्या बहिणी, जीचं पोट कुठं नि शेपूट कुठं. एसला खालच्या रेघेवरून तिरकं वर जायचं, डोकं वळवायचं आणि परत येऊन पोट भरायचं. माझ्या एसचं डोकंच दरवेळी फुगायचं. पोरगी लाल पेनानं फुल्या मारायची, मी निमूट सोसायचे. वहीत जमल्यावर न खपलेल्या एका परातीवर मशीन चालवली. स्टीलचं सगळंच निराळं. मनगट टेकवलं नाही तर सुई घसरते, आणि गेलेली रेघ खोडता येत नाही. परात दोन्ही अंगांनी भरली तेव्हा कुठं सव्वीसच्या सव्वीस माझ्या धाकात आले. मी कुणाला बोलले नाही.

मग जाऊच्या भावाचं लग्न निघालं. एक्कावन्न ताटं द्यायची, प्रत्येकावर एसनं सुरू होणारं तिचं नाव, तेही कर्सिव्हमध्ये. कारागीर नेमका गावी गेलेला. "त्यात काय," म्हणत तिनंच मशीन घेतली. नाव काठावर टाकतात, पण काठ वळलेला म्हणून तिनं ते सपाट जागी, ताटाच्या मधोमध धरलं. सुई एसच्या पोटातून सुटली ती सरळ काठापर्यंत गेली. अशी तीन ताटं नासली. मी समोर डबे पुसत होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"ये गं इकडं, तुला जमतंय का बघ," ती हळूच म्हणाली.

"ऐकू नाही आलं, ताई."

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. "टाकून दे ना माझं नाव," ती मोठ्यानं म्हणाली. "माहेरी इज्जत जाईल माझी."

दिलं टाकून. उरलेली अठ्ठेचाळीस आणि दुकानातली नवी तीन ताटं, सगळ्यांच्या काठावर एकसारखा एस. लग्नात पाहुण्यांनी अक्षराचं कौतुक केलं, ते तिनं स्वतःकडं घेतलं. घेऊ दे.

नासलेली तीन ताटं भंगारात टाक म्हणाली होती. मी ती घरी आणली. सासूबाईंना म्हटलं, नवी कोरी आहेत, वापरू की. तेव्हापासून दोन्ही वेळा जाऊचं जेवण मी त्यातल्याच एका ताटात वाढते. वरण-भात संपत आला की खालून तिचा एस वर येतो. ती बघते. मी शेजारी भाताचं पातेलं घेऊन उभी राहते आणि विचारते, "ताई, अजून वाढू?"