दोन बोटं उंच

नव्या टायरचा वास तुम्ही कधी मुद्दाम घेतला आहे का? मुद्दाम म्हणते, कारण रस्त्यावरून जाता-जाता एखाद्या दुकानातून नाकात शिरतो तो वेगळा, आणि पौषातल्या कोवळ्या उन्हात, घरच्या अंगणात, नुकत्याच चढवलेल्या चार काळ्याभोर टायरांतून संथपणे दरवळतो तो वेगळा. उग्र, कोरा, किंचित गोडसर. त्या वासाने मला थेट शिराळ्याकडच्या माझ्या माहेरी नेले, शाळा सुरू होताना मिळालेल्या रबरी चपलांपाशी. पायांत घालण्याआधी मी त्या नाकाला लावल्या होत्या आणि आईचा धपाटा खाल्ला होता. कोऱ्या वस्तूच्या वासात एक आश्वासन असते. आता आपण कुठेही जाऊ शकू, असे तो वास सांगतो, आणि साठी उलटून गेली तरी आपण त्यावर विश्वास ठेवतोच की!

टायर आमच्या पिकअपचे. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, मीही मुलांना मराठी शिकवण्यातून मोकळी झाले आणि आम्ही दोघे वडूजजवळच्या गावी येऊन राहिलो. पावसाच्या मुलखातून आलेली मी, या कोरड्या, उघड्या, लांबच लांब माळांच्या प्रदेशाशी माझे सूत जुळायला वेळ लागला. पण एकदा जुळले ते कायमचे. इथे आकाश फार मोठे आहे आणि माणसे फार कमी बोलतात. मी मात्र सगळ्यांचेच उणे भरून काढण्याइतकी बोलते, असे आमच्या घरात एकमताने मान्य झालेले आहे.

घरात आम्ही तिघे. तिसरे म्हणजे आबा, माझे थोरले दीर. हे बर्फात बंदूक घेऊन उभे होते त्या साऱ्या वर्षांत आबांनी माळावरचे आमचे रान उभे केले. उभे केले हा शब्द मी विचार करून वापरते आहे. तिथे आधी रान नव्हतेच. मुरूम होता, धोंडे होते, घायपात होती. आबांनी एक पहार घेऊन तो माळ फोडला, धोंडे वेचून बांध रचले, आणि जिथे शेळीसुद्धा नाइलाजाने चरत होती तिथे शाळू डोलायला लावला. हे सुट्टीवर यायचे तेव्हा आबांचे तळहात बघायचे आणि नजर दुसरीकडे वळवायचे. त्याविषयी दोघे भाऊ आयुष्यात कधी एक शब्द बोलले नाहीत. पुरुषांच्या प्रेमाला वाचा नसते असे म्हणतात, आमच्याकडे तर त्याला तोंडच नव्हते.

पुढे आबा गोठ्यात पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हातात काठी आली, आणि आबांचे माळावर जाणे तुटले. चालत जाणे शक्य नव्हते, दुचाकीवर किंवा ट्रॅक्टरवर बसणे खुब्याला झेपत नव्हते. गाडीने न्यावे, तर माळाच्या चाकोरीत मधोमध कातळाचा एक उंचवटा आहे, त्यावर आमच्या पिकअपचे पोट घासायचे आणि गाडी अडकून बसायची. हे दुचाकीवरून रानात जाऊन येत. आबा ओसरीवर बसून राहात आणि दिवेलागणीला विचारत, “शाळू पोटरीला आला का रं?” मग काही दिवसांनी, कणसे बाहेर पडायच्या सुमारास, “निसवला का?” मग, “पाखरं बसाय लागली असत्याल.” ज्याने ते रान जन्माला घातले त्याने त्याची खुशाली अशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची! शेवटी ह्यांनी ठरवले, या सुगीत, शाळू हुरड्याला आला की आबांना माळावर न्यायचेच.

आणि मोजमाप सुरू झाले. आमचे हे एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की हात धुऊन लागतात. माळावर जाऊन त्या कातळाची उंची बोटांनी मोजली. गाडीखाली पालथे झोपून पोटाची उंची मोजली. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा मोजली. मग उंब्रजला हायवेवरच्या टायरवाल्याकडे गेले, सोबत मीही होते. तो म्हणाला, “डिस्क कंपनीचीच ठेवायची म्हटल्यावर एवढाच मोठा टायर बसंल साहेब. ह्याच्या वर गेलासा तर वळताना आत घासंल.” मोठ्या टायरने गाडी दोन बोटं उचलली गेली. डिस्क, म्हणजे मूळचे लोखंडी चाक, तेच, वाढ सगळी भोवतीच्या रबराची. स्टेपनी मात्र जुन्याच मापाची राहिली, आणि स्टेअरिंग पुरते वळवले की आतून कुठेतरी खर्र असा आवाज यायचा, तो ह्यांना ऐकू आला नाही किंवा त्यांनी येऊ दिला नाही. परतताना स्वर्ग दोन बोटं उरणे म्हणजे काय ते मी शेजारच्या सीटवर प्रत्यक्ष पाहिले.

गाडीत बसल्या-बसल्या माझ्या मनात येत होते, माणसाचेही असेच नाही का? जन्मजात मिळालेली लोखंडी चौकट बदलता येत नाही. आपण शिक्षण घेतो, हुद्दा मिळवतो, मान मिळवतो, आणि त्या मूळच्या चाकावर मोठमोठे टायर चढवत जातो. जग आपल्याला जरा उंचावरून दिसू लागते. वाईट काय आहे त्यात? वाटेतले कातळ ओलांडायचे तर उंची हवीच. फक्त वळताना आतून घासते का, तेवढे ऐकत राहावे. हा विचार मी ह्यांना ऐकवला. “हवा बरोबर भरलीय का बघायला पाहिजे,” एवढेच ते म्हणाले.

आमच्या घरची रीत अशी की गाडीला काही नवे आले, की नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबं ठेवायची आणि घरातल्या थोरल्याने आधी गाडीत बसायचे. ट्रॅक्टर आला तेव्हा आबा आधी बसले, दुचाकी आली तेव्हा आबा आधी बसले. त्या सकाळी शेजारपाजार गोळा झाला. आबांनी धुवट धोतर नेसले होते, दाढी केली होती. काठी टेकत ते गाडीच्या दाराशी आले. मोडलेल्या खुब्यानिशी गाडीत चढण्याची त्यांची एक ठरलेली तऱ्हा होती. दाराशी एक चपटा दगड ठेवायचा, त्यावर उभे राहून दांडी धरायची आणि उजवा पाय आत टाकायचा. दवाखान्याला ते असेच जायचे. त्यांनी दांडी धरली, पाय उचलला. पाय काठाला लागला आणि खाली आला. पुन्हा उचलला. पुन्हा तसेच. दोन बोटं, फक्त दोन बोटं कमी पडत होती. कातळ मोजला, मडगार्ड मोजले, पण आबांचा पाय कुठवर उचलतो ते कुणी मोजलेच नव्हते.

“तुमी जावा फिरून,” आबा म्हणाले, “माझं काय आडलंय.” आणि ओसरीकडे वळले. रिकामीच गाडी लिंबांवरून पुढे गेली.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. प्लास्टिकचे स्टूल आणले, ते डुगडुगले आणि आबा उतरले. हे म्हणाले, “आबा, मी उचलून ठेवतो की.” त्यावर आबा हसले, पण कसे हसले! “उचलायचंच हाय एकदा. चौघं मिळून उचला. आत्ताच कशाला गडबड?” गोठ्यामागे जनावरे गाडीत चढवायचा मातीचा धक्का आहे, तिथे गाडी लावू, असे मी सुचवले, तर मला म्हणाले, “त्या धक्क्यावनं मी जन्मभर बैलं चढीवली बाई. आता मलाबी तिथनंच चढवा.” मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे प्रसंग किती बाका होता ते ओळखा.

आणि दिवेलागणीचा प्रश्न बंद झाला. शाळू हुरड्याला आला होता, वाऱ्यावर त्याचा कोवळा, दुधाळ गंध गावापर्यंत येत असावा असे मला उगाच वाटायचे, पण आबांनी शाळूचे नावच टाकले. यात केवढी व्यथा होती! माणूस मागतो तोवर त्याची आशा जिवंत असते. मागणे थांबले की घरच्यांनी घाबरावे. हे टायरांपाशी जाऊन बसत. जुने टायर परत चढवावेत, तर आबा गाडीत चढतील पण गाडी माळावर चढणार नाही. नवे ठेवावेत, तर गाडी माळावर जाईल आणि आबा ओसरीवर राहतील. एकाला उचलावे तर दुसरा खाली राहतो, हा संसाराचा जुनाच पेच त्या चार टायरांनी आमच्या अंगणात आणून ठेवला होता.

मग एका दुपारी हे पहार घेऊन गाडीने कुठेतरी गेले ते दिवस मावळताना परतले. कपड्यांवर पांढरी धूळ होती. “कुठं होता?” म्हटले, तर “रानात.” जेवताना भाकरी बाजूला सारून दूधभात घेतला आणि तोही चमच्याने खाल्ला. फौजेतली सवय उफाळून आली असेल म्हणून मी सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून ठण् ठण् आवाज येऊ लागला. बाहेर येऊन पाहते तर हे अंगण खणत होते. चार ठिकाणी, उथळ, टायरच्या रुंदीचे खड्डे. आबा ओसरीवरून बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, “काय रं बापू, हौद बांधतूस का काय?” घरात ह्यांना बापू म्हणतात. हे खणतच राहिले. “आरं, पहार अशी धरत्यात व्हय? फौजेनं काय शिकीवलं तुला?” खणून झाले, मग गाडी हळूच पुढे घेतली, आणि चारही चाके त्या चार खड्ड्यांत उतरली. गाडी बसकी झाली. दाराशी ह्यांनी तोच जुना चपटा दगड आणून ठेवला.

आता आबांना कळले होते. माणसाला चढता येत नाही म्हणून त्याला उचलायचे, ढकलायचे, धक्क्यावर न्यायचे, हेच आम्हाला सुचत होते. गाडीने खाली बसावे हे कुणाला सुचले नव्हते. आबा उठले, काठी टेकत आले, दगडावर उभे राहिले, दांडी धरली, पाय उचलून बघितला. मग खाली ठेवून म्हणाले, “आनखी बोटभर घे. खुबा मागतूय.”

ते ऐकून ह्यांनी जी पहार उचलली! अख्ख्या नोकरीत ह्यांनी एखादा हुकूम इतक्या आनंदाने पाळला नसेल.

आबा चढले. आपल्या पायाने, आपल्या हुंकाराने. मी मधे, आबा खिडकीशी. चाकोरी लागली, तो कातळ आला, आणि पोटाला न लागता गाडीखालून निघून गेला. पुढे शाळू दिसू लागला, आणि मला एकदम वाटले, आता तिथे उतरायचे कसे? उतरले तरी परत चढायचे कसे? हे शांतपणे बांधाकडे गाडी घेत होते. बांधालगत चार खड्डे आधीच तयार होते, ताज्या पांढऱ्या मुरमाचे ढीग बाजूला, आणि दाराशी येईल असा एक चपटा दगड. गाडी त्यांत उतरून बसली.

आबा उतरले. त्यांनी शाळूकडे पाहिलेच नाही. काठीचे टोक एका खड्ड्याच्या कडेला आपटले. “हितं तर कातळ हाय,” म्हणाले. हे म्हणाले, “व्हय.” “हात बघू.” ह्यांनी लहान मुलाने शाळेत नखे दाखवावीत तसे दोन्ही हात पुढे केले. तळहातांवर फोड होते, काही फुटलेले. आबांनी काठी काखेत धरून ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. “पहार तिरकी धरलीस,” शेवटी म्हणाले, “तवाच आलं फोड.” या खेपेला दोघांपैकी कुणीही नजर वळवली नाही. मी मात्र वळवली, कारण मला रडू आवरत नव्हते.

आता त्या टायरांना कोरा वास येत नाही. सकाळी अंगणात गेले की मुरमाचा, चिरडलेल्या तणाचा आणि माळावरच्या धुळीचा वास येतो. कुठेही जाता येईल असे आश्वासन देणारा तो पहिला वास गेला याची मला हळहळ वाटत नाही. जिथे जायचे होते तिथे आम्ही जाऊन आलो. संध्याकाळी आबा शाळूची चौकशी करत नाहीत. उलट माळावरून परतलो की कुठल्या सरीत पाखरे बसली, कुठला बांध खचला, ते ह्यांना सांगत बसतात. अंगणातले खड्डे तसेच आहेत, कोंबड्या त्यांतल्या धुळीत लोळतात. नवखा पाहुणा त्यांत ठेचकाळतो आणि ते बुजवत का नाही म्हणून विचारतो. तेव्हा आबा ओसरीवरून म्हणतात, “ऱ्हाऊ द्या. आमच्या बापूनं खणल्यात.”