ताटाची डावी बाजू

श्यामलाबाई आमच्याकडे आल्या चौऱ्याण्णव साली, आणि तीन दिवसांत मला त्या नकोशा झाल्या. पंचवीस वर्षं इस्पितळात मेंदूच्या रुग्णांची शुश्रूषा करून निवृत्त झालेल्या. राहायला यशवंतपूरला; घरातली मराठी निम्मी कानडी. नोकरी सुटली तरी हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती.

आमचे हे, वासुदेव, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. अर्धांगवायूचा झटका येऊन डावा हात-पाय लुळा पडला होता. बोलणं शाबूत. फारच शाबूत! जेवायला बसले की एकच पालुपद, "चटणी का करत नाहीस?" अहो, रोज करत होते! खोबरं खवून माझं मनगट दुखायला लागलं. ताटात डावीकडे चटणी, कोशिंबीर, सगळं रीतसर वाढलेलं. हे उजवीकडची भाजी-पोळी संपवून पोट भरलं नाही म्हणून चिडायचे. मी डाव्या हाताला बसलेली, आणि हे उजवीकडच्या भिंतीला विचारणार, "प्रमोदिनी कुठं गेली?" मला वाटे, आजारपणाचा राग माझ्यावर काढताहेत.

श्यामलाबाईंनी एक दिवस यांचं जेवण नुसतं पाहिलं. "अक्का, राग-बिग काही नाही. डोळे बरे आहेत, पण डावी बाजू आहे हेच त्यांच्या मेंदूला कळत नाही."

"मग सगळं उजवीकडे वाढते. मीही तिकडेच बसते."

"अजिबात नाही! तशी सवय लागली तर डावीकडं कधी बघणारच नाहीत. तुम्ही हलायचं नाही."

म्हणजे नवऱ्यानं मला पाहावं म्हणून त्याला दिसत नाही तिथंच मी बसायचं! तीन आठवडे बसले. रोज त्या यांना उजव्या हाताचं बोट ताटाच्या कडेवरून डावीकडे फिरवायला लावत. "इन्नू स्वल्प, साहेब, अजून थोडं." हे वैतागत, बोट अर्ध्यावर थांबे. आता हे मला कधी पाहणारच नाहीत, अशी मला भीती वाटे, आणि बाई खुशाल घड्याळ बघत.

एका दुपारी बोट थांबलं नाही. कोशिंबीर, चटणी मागे टाकून ताटाबाहेर आलं आणि माझ्या बांगड्यांना लागलं. मान हळूहळू वळली.

"तू कधी आलीस?"

सुनावायला केवढं साठवलं होतं मी! पण डोळेच वाहायला लागले.

"अक्का, रडणं नंतर," श्यामलाबाई खेकसल्या. "हलू नका. आता चटणी खाऊ दे त्यांना."