डेअरीचं मशीन गच्चीवर गेलं

१९८६, श्रावणातला पहिला सोमवार. पापड लाटून झाले होते आणि मी मागच्या बोळात खाटेवर ते पसरत होते. महिला केंद्रातून सकाळी पीठ आणायचं, लाटायचं, वाळवून दुसऱ्या दिवशी पोचवायचं. पापड ओलसर निघाले तर पुढचं पीठ मिळत नसे.

घाटकोपरला आमच्या चाळीमागे एका गुजराती शेठची डेअरी होती. तिच्या थंड खोलीचं मशीन बोळात, आमच्या मागच्या दारांसमोर बसवलेलं. आत दूध, श्रीखंड गार राहायचं आणि बाहेर पंखा गरम वारा फेकायचा. पावसाळ्यात आम्हाला तेवढंच ऊन. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका त्या वाऱ्यावर पापड वाळवत. शेठना कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मशीनची सफाई करायला मिस्त्री आला. तो अधूनमधून यायचा, पत्र्याच्या बारीक पात्यांची जाळी ब्रशने झाडायचा. जाळी तुंबली की गरमी बाहेर पडत नाही, मशीन नुसतं धापा टाकतं. या खेपेला त्याने जाळीतून करड्या घोंगडीसारखा थर ओढून काढला, बोटांत चुरला, वास घेतला.

"शेठ, तुमचं मशीन उडदाचं पीठ खातंय. मग गार कसं करणार?"

डेअरीतली माणसं हसली. शेठनी माझ्या खाटेकडे पाहिलं. मी पापड उलटत राहिले. पापड झटकताना उडालेलं पीठ पंखा मागच्या बाजूने आत ओढत होता, हे मला तेव्हा कळलं.

मिस्त्रीने जाळी धुतली, मग म्हणाला, "मावशी, खाट उचला. मशीन गच्चीवर चाललंय. तुमचीच तक्रार होती ना?"

होती. मे महिन्यात त्याच वाऱ्याने आमच्या खोल्या भट्टीसारख्या तापल्या होत्या. शेजारणीचं तान्हं घामोळ्यांनी रडरड रडायचं. मीच सगळ्या बायकांना घेऊन डेअरीवर गेले होते. हक्काचं भांडण होतं, तेवढंच भांडायला हवं होतं. पण मी गल्ल्याजवळ बसलेल्या शेठच्या आईसमोर म्हणाले, "बाहेरून येता आणि आम्हालाच भाजता. जा आपल्या मुलखात." मी स्वतः लग्न करून कोकणातून आलेली.

शेजारीण दाराआडून कुजबुजली, "अगं, सांग ना त्यांना, पावसाळाभर राहू दे म्हणावं."

"तू सांग."

"भांडताना पुढे तू होतीस. आता आम्ही कशा जाणार?"

गेले. हाताला पीठ तसंच. शेठ म्हणाले, "ताई, हमाल आलेत, दोर आलेत. आईने बोलावलेत. शेजाऱ्यांचे तळतळाट नकोत म्हणते. तिलाच विचारा."

म्हातारी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. मी म्हटलं, मशीन दिवाळीपर्यंत राहू द्या, आमचे पापड वाळतात. जाळी आम्ही झाडू.

"आणि उन्हाळ्यात परत भांडायला येशील?"

खोटं बोलता आलं असतं. पण ते तान्हं अजून तिथेच होतं.

"येईन," मी म्हटलं.

मागे कुणीतरी खुसखुसलं. म्हातारी नाही हसली. "मग जाऊ दे वर, बेन. हमाल रोज रोज येत नाहीत."

तिचं काही चुकलं नव्हतं. मेमधल्या त्या वाक्याचा तिने उल्लेखही केला नाही. केला असता तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. तिच्यासमोर उभी होते तोवर माझे कान तापले होते, आणि माझं सगळं लक्ष मात्र तिने हो म्हणावं याकडेच होतं. माफी तेव्हाही मागितली नाही. ती मागितली असती तर मशीनसाठीच मागितली असं वाटलं असतं, आणि ते खरंही असतं.

दुपारी मशीन वर गेलं. ओळीतल्या बायकांनी पापड घरात दोऱ्यांवर, पलंगांवर, मिळेल तिथे पसरले. माझ्याशी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात जाण्याआधी मी डेअरीत गेले. म्हातारी एकटीच होती. तिला म्हटलं, "मे महिन्यात तुम्हाला जे बोलले, ते बोलायला नको होतं." ती म्हणाली, "माझा जन्म याच गल्लीतला." मी मान हलवली, दमट पापडांचा डबा उचलला आणि केंद्राच्या रांगेत जाऊन उभी राहिले.