दाव्यासकट आलेली जीप

निर्जीव वस्तूला निर्जीव समजण्याची चूक ज्याने उभ्या आयुष्यात एकदाही केली नाही, असा पुरुष जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून एकच होऊन गेला, आणि तो माझा व्याही होता. माझी थोरली मुलगी राजुरीला त्यांच्या घरी दिली आहे, हे प्रारंभीच सांगून ठेवतो. कारण त्यांच्याविषयी बोलण्याचा काडीमात्र अधिकार नसलेली माणसे हल्ली फार बोलू लागली आहेत. राजुरीच्या पारावर सांगतात, की जुन्या गाड्यांच्या नादाने त्यांना वेड लागले आणि एक चालती जीप त्यांनी स्वतःच्या हाताने धरणात बुडवली. बेल्ह्याच्या बाजारात सांगतात, की ती जीप झपाटलेली होती आणि तीच त्यांना ओढून घेऊन गेली. दोन्ही हकिकती खोट्या आहेत. त्या दिवशी त्या जीपमध्ये त्यांच्या शेजारी मी बसलो होतो. पारावरचा एकही वक्ता तिथे नव्हता.

नव्वदच्या दशकात आजूबाजूचे बागायतदार दारात नवे ट्रॅक्टर उभे करत असताना व्याहीबुवांनी मोडीत निघालेल्या जुन्या जीपा गोळा करण्याचा सपाटा लावला. कुठे लष्कराने लिलावात काढलेली, कुठे एखाद्याच्या बांधावर बाभळीखाली गंजत पडलेली; ऐकले की निघाले. आणलेली गाडी ते कांदा साठवायच्या बराखीत बांधत. होय, बांधत, ‘लावत’ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. परिणामी कांदा अंगणात येऊन पडला. आमच्या विहीणबाई आल्यागेल्याला ऐकवत, “आमच्याकडं कांदं उनात अन् टायर सावलीत! आता फकस्त मला तेवढं भायेर बांदायचं ऱ्हायलंय.” व्याहीबुवा त्यावर प्रसन्नपणे हसत आणि कार्बोरेटर घासत राहत. पोळ्याला ते प्रत्येक जीपच्या मडगार्डाला बैलाच्या शिंगांना लावतात तो तांबडा हुरमुंज लावत, बॉनेटवर झूल घालत, आणि पुरणपोळीचा घास रेडिएटरच्या जाळीला दाखवून मग स्वतः खात. मी एकदा म्हणालो, “व्याहीबुवा, हे जरा अति होते आहे.” ते म्हणाले, “पावणं, चार पायांवर उभं ऱ्हातं आन् पाणी पितं. आनखी काय पायजे जनावराला?”

जीपची खरेदीही ते बेल्ह्याच्या बाजारातल्या बैलासारखीच करत. बॉनेट उघडून आत पाहणे याला ते ‘दात बगनं’ म्हणत. मालकाला विचारत, “खोड काय हाय? लाथ मारती का?” आणि सौदा उपरण्याखाली हात घालून बोटांनीच होई, मग समोरचा माणूस शहरातला निवृत्त साहेब का असेना. पण त्यांचा खरा कटाक्ष होता तो दाव्यावर, जनावर बांधायच्या दोरावर. आमच्याकडे बैल विकतात, दावे विकत नाहीत. विकणारा ते सोडून घेतो आणि परत आपल्या खुंटीला टांगतो; दाव्यासकट गेलेले जनावर नव्या गोठ्यात रमत नाही, सुटले की जुन्या दाराकडे तोंड करते. जीपला दावे नसते; म्हणून व्याहीबुवांनी पुढून इंजिन फिरवण्याचे लोखंडी हँडल हेच तिचे दावे ठरवले. प्रत्येक जुन्या मालकाला ते घरी ठेवून घ्यायला लावत आणि लोहाराकडून नवे करून आणत. मालक चक्रावत, पण ठेवून घेत.

चूक एकदाच झाली. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावचा म्हातारा घोडेगावजवळ लेकाकडे राहायला आला होता. पूर्वी तो डोंगरातला हिरडा आपल्या जीपमधून खाली उतरवत असे. ती जीप व्याहीबुवांनी घेतली, आणि हँडल मागच्या बाकाखाली पोत्यात गुंडाळलेले होते, हे त्यांना राजुरीला पोहोचल्यावर कळले. त्यांचा चेहरा उतरला. साऱ्या जीपांत तीच त्यांची सर्वांत लाडकी झाली, पण रमेना. भर दुपारी माणसे जेवायला आत गेली, की पूर्वेकडे तोंड करून बांधलेली ती जीप पश्चिमेकडे, धरणाच्या दिशेला, वळलेली सापडे, आणि चाकाखालचा दगड नव्या जागीही चाकाखालीच असे. ऐन उन्हाळ्यात तिच्या पायपुसण्यावर ओला गाळ सापडे, त्यात बारीक शिंपले. आमचे जावईबापू म्हणतात, उतार असेल. माझी सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली. उतार कशाला म्हणतात ते मला त्यांनी शिकवू नये. मी स्वतः पाण्याची नळी धरून ती बराख तपासली आहे. पश्चिमेला चढ होता.

हँडल परत दिले तरच ही आपल्याकडे राहील, असे व्याहीबुवांच्या मनाने घेतले. आम्ही घोडेगावला गेलो. म्हाताऱ्याने हँडल हातात घेतले, मांडीवर ठेवले आणि परत दिले. “टांगू कुठं, भाऊ? माजी खुंटी पाण्यात हाय.”

म्हणून आम्ही पाणी हटण्याची वाट पाहिली. मे महिन्यात धरण खाली गेले, बुडालेला रस्ता उघडा पडला, आणि आम्ही तिघे त्याच जीपने निघालो. म्हातारा मागे, पोत्यावर. डांबर संपून भेगाळलेला गाळ लागला, तसे व्याहीबुवांनी स्टिअरिंगवरचे हात उचलले आणि मला हळूच म्हणाले, “पावणं, इंजिन मी मगाशीच बंद केलंय.” जीप चालली होती. दोन्ही बाजूंना आंब्यांचे काळे बुंधे, माणूस नाही, पाखरू नाही. खूण नसलेल्या जागी ती डावीकडे वळली. मागून म्हातारा सहज बोलावे तसा बोलला, “हितं हॉर्न दे, भाऊ. पोरं खेळत्यात.” त्या जीपचा हॉर्न राजुरीला आल्यापासून मुका होता. व्याहीबुवांनी तो दाबला, आणि तो वाजला.

पुढचा चढ चढून जीप एका जोत्यासमोर थांबली. म्हातारा उतरला. त्याने वहाणा काढल्या, आणि नसलेल्या चौकटीखालून डोके वाकवून तो आत गेला. “या की,” तो म्हणाला. “बसा. चा घिऊन जा.”

व्याहीबुवा हँडल घेऊन पुढे झाले. आता ते द्यायचे आणि लाडकी जीप कायमची आपली करून परतायचे, एवढेच उरले होते. त्यांनी हात पुढे केला, जीपकडे पाहिले, आणि हात मागे घेतला. “न्हाई बाबा,” ते म्हणाले. “दावं इकनाऱ्यानं ठिवायचं असतं. आज इकनारा मी हाय. तुमची गाडी तुमच्या दारात बांदली.” मग ते जोत्यावर मांडी घालून बसले. त्यांच्या शेजारी मीही बसलो. चूल नव्हती, भिंत नव्हती. चहा येणार नव्हता हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. तरी पाहुण्याने बसावे तितके आम्ही बसलो, आणि मग तिघेही पायी वर आलो. बुडवली म्हणतात ती ही. आणि ओढून नेली म्हणतात त्यांनी ध्यानात घ्यावे, की परतताना व्याहीबुवांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. वळून मी पाहिले.

पुढच्या उन्हाळ्यात जोते उघडे पडले, तेव्हा तिथे जीप नव्हती. भंगारवाल्यांनी नेली असेल, म्हणतात. त्यांनी नेली असती तर वरच्या दिशेने नेली असती. गाळातल्या चाकोऱ्या उरलेल्या पाण्याकडे गेल्या होत्या.

आता व्याहीबुवा नाहीत. बाकीच्या जीपा जावईबापूंनी विकल्या, पण माझ्या मुलीने प्रत्येकीचे हँडल सोडून घेतले. बराखीत ती सारी ओळीने टांगलेली आहेत, कोरडी आणि गंजलेली. व्याहीबुवांनी त्या दिवशी परत आणलेले तेवढे एकच दर मे महिन्यात ओले होते. त्या सुमारास मी राजुरीला जातो आणि त्या खुंटीखाली बाज टाकून बसतो. विहीणबाई काही न विचारता दोन कप चहा आणून ठेवतात. त्या दिवशीचा, जोत्यावरचा, राहिला होता. दुसरा कप मी उचलत नाही, आणि तो परत नेताना विहीणबाई त्यात डोकावून पाहतात; काय दिसते, हे त्यांनी मला कधी सांगितलेले नाही. एरवी कोणाशीही वाद घालणारा मी. याबद्दल मात्र विचारत नाही.